ओल्या वेण्या कुणाच्या

११ जानेवारी

प्रिय टिटवे,

वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्या आठवतात का तुला? सोमवारी सकाळी केस धुवायचे, ते वाळायच्या आत घंटा व्हायची, आणि मोकळ्या केसांनी वर्गात पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. म्हणून ओल्या केसांच्याच वेण्या. आपण पायऱ्यांवर एकीखाली एक बसायचो आणि प्रत्येकीनं खालच्या मुलीच्या वेण्या घालायच्या. सगळ्यांत वर सुई, तिच्याखाली मी, माझ्याखाली तू. तुझे केस दाट, आणि तू क्षणभर स्वस्थ बसायची नाहीस. सुई माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की दुपारपर्यंत माझ्या भुवया वर ओढलेल्या असायच्या. गणिताच्या सिस्टर विचारायच्या, अपूर्णांकात एवढं नवल वाटण्यासारखं काय आहे?

अशाच एका सकाळी पाठीवर पाणी ठिबकत असताना सुई आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाली होती:

ओल्या वेण्या पाठीवरती,
भिजली सारी पाठ;
घंटा म्हणते, चला चला गं,
ऊन पाहील वाट.

तू लगेच ते वरच्या पट्टीत म्हटलंस, आणि आंघोळीच्या खोल्यांपर्यंत ऐकू गेलं. तुझं टिटवी हे नाव त्याच दिवशी पडलं की आधीच पडलं होतं, हे मात्र आठवत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे काल तुझ्या लेकाचा, आमच्या भाचेबुवांचा फोन आला. "आत्या, माझ्या सिनेमाचं नाव ठरलं. ओल्या वेण्या." मी पियानोसमोर बसले होते, विद्यार्थिनी चुकीचे सूर वाजवत होती, आणि मी तिला न थांबवता तशीच रडत बसले. वेड्यासारखी. आधी गाणं, मग आपला तिघींचा बँड, आता सिनेमा. एवढंसं नाव, पण तीन ठिकाणी पुरलं म्हणायचं.

तुला तबकडीच्या मधली ती कागदी चकती आठवते? वर 'ओल्या वेण्या', खाली पुन्हा 'ओल्या वेण्या'. एक गाण्याचं नाव, एक आपलं. रेडिओवरचा निवेदक अडखळला होता, आणि मग म्हणाला, छपाईची चूक दिसते. तिघींनी मिळून त्याला किती शिव्या दिल्या. पण गीत कुणाचं, ते चकतीवर नव्हतंच. ते नको असं सुईच म्हणाली होती. शाळेच्या विक्रीसाठी आपण भरतकाम करायचो, त्यावर कुणी नाव काढायचं नाही, असा सिस्टरांचा नियम. नाव घातलं की काम देवाचं राहत नाही म्हणे. एका मुलीनं रुमालाच्या कोपऱ्यात आपलं आद्याक्षर भरलं, तर सगळ्यांसमोर उसवायला लावलं तिला. सुईच्या मनातून तो रुमाल कधी गेलाच नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे, आणि ती भाच्याला सांगण्याऐवजी तुला सांगते, कारण तो तुझं ऐकतो. सिनेमात कुठेतरी, शेवटी, बारीक अक्षरांत का होईना, हे नाव सुईच्या गाण्यावरून घेतलं असं यावं. सिस्टर आता उसवायला येणार नाहीत. सुईच्या लेकीच्या दुकानात चष्म्याच्या काचा बदलायला गेले होते, तेव्हा मी तिला ही बातमी सांगूनही टाकली. माझ्या नाकावर चष्मा तिनं आधी उलटाच बसवला. आई गेली तेव्हा ती नीट बोलायलाही लागली नव्हती. तिच्या वाट्याला आईचं आलेलं आहे ते हे एक गाणं.

फोन करू नकोस. फोनवर तू माझं बोलणं तोडतेस. पत्र लिही.

तुझी
ढब्बू


२९ जानेवारी

प्रिय ढब्बे, अर्थात वन्सं,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की केस रंगवायला आलेली मुलगी घाबरली. तुझ्या भुवया! तुझ्या लग्नाची बोलणी चालू असताना त्याच भुवयांनी घोटाळा केला, असं तुझा भाऊ म्हणायचा. तो असता तर आज सिनेमाच्या नावावरून त्यानं आपल्याला किती छळलं असतं.

आता तुझ्या विनंतीबद्दल. अगं, नुसतं नाव घेतलंय. गाणं सिनेमात नाहीच. गोष्टही आपली नाही, कुठल्याशा वसतिगृहातल्या मुलींची आहे. आणि नावाचं म्हणशील तर लेकाचे वकील सांगतात, नावावर कुणाचाच हक्क नसतो. उद्या कुणी न्हाव्यानं दुकानाला हेच नाव दिलं तर आपण काय त्याच्या कात्र्या जप्त करणार? तरी सांगते त्याला. नक्की सांगते. तू आता ते डोक्यातून काढून टाक.

बरं, एक विचारायचं होतं, अगदी सहज. त्या गाण्याला तिसरं कडवं होतं ना? तबकडीत मावलं नाही ते. परवा आरशासमोर बसले असताना गुणगुणत होते, तर दुसऱ्या कडव्याशी येऊन गाडी थांबली. किती डोकं खाजवलं, एक शब्द आठवेना. तुझ्या डोक्यात सगळं जपलेलं असतं. पुढच्या पत्रात लिहून पाठव. म्हाताऱ्या मैत्रिणीचा हट्ट समज.

तुझ्या वरच्या मजल्यावर टाकीखालचं छत गळतं का अजून? खालच्या शिंप्याला सांगितलंय मी, माणूस बघायला.

तुझी
टिटवी


६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

आहे, तिसरं कडवं आहे. शब्द न् शब्द आहे. तुलाही ते हवंसं वाटलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. मला वाटायचं, एवढ्या कार्यक्रमांत आणि एवढ्या टाळ्यांत तू आपल्याला विसरून गेलीस. तुझ्याबद्दल असा विचार केला, त्याची आज लाज वाटते.

पण मी ते आज लिहून पाठवत नाही. रागावू नकोस. तबकडीत जागा नव्हती हे खरंच, पण जागा असती तरी सुईनं ते म्हणू दिलं नसतं. "ते नको गं, रडकं आहे," असं म्हणून ती विषय बदलायची. लेकीच्या कानावरही ते कधी गेलेलं नाही; परवा मी तिला आडून विचारलं तर तिला दोनच कडवी माहीत. म्हणजे हे कडवं जगात आता तुझ्यामाझ्यापुरतंच आहे, आणि तुला ते आठवत नाही. मला वाटतं, ते पहिल्यांदा लेकीच्या हातात पडावं. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. तोवर थांब. मग तू ये, तिघी पायरीवर बसू आणि म्हणू.

लेकीनं एक छान गोष्ट केली. जुन्या तबकडीवरून गाणं उतरवून घेतलं, आईचा फोटो लावला आणि इंटरनेटवर ठेवलं. खाली लिहिलं, 'शब्द आणि चाल: माझी आई'. कुणाकुणाच्या चार ओळी येतात त्याखाली. एका बाईनं लिहिलं, आमच्या शाळेच्या गाडीत आम्ही हे म्हणायचो. लेक ते दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. गिऱ्हाईक बिचारं चष्म्याशिवाय बसलेलं असतं, जाणार कुठे?

छत गळतं, पण पियानोवर नाही. बादली ठेवली आहे.

तुझी
ढब्बू


२ एप्रिल

प्रिय मावशी,

तुला फोन करून सांगणार होते, पण रडू फुटेल म्हणून लिहिते आहे.

वाढदिवसाला आपण भेटू शकलो नाही, तू तापानं पडलीस. काहीतरी द्यायचं आहे म्हणाली होतीस. ते राहू दे, आधी बरी हो.

आईचं गाणं मी जिथे ठेवलं होतं, तिथून ते काढून टाकलं आहे. सकाळी उघडून पाहिलं तर फोटोच्या जागी काळा चौकोन, आणि खाली लिहिलेलं की हे गाणं 'ओल्या वेण्या' या चित्रपटाच्या मालकीचं आहे, तुम्ही ते परवानगीशिवाय वापरलं. मी त्यांना कळवलं की हे आईचं आहे. त्यांचं उत्तर आलं की पुरावा द्या. तबकडीच्या चकतीचा फोटो पाठवला. ते म्हणाले, यावर गीतकाराचं नाव कुठे आहे?

मग मी नुसतं नाव टाकून शोधलं. आधी येणाऱ्या सिनेमाचं पान आलं. मग सिनेमातलं गाणं, त्यात टिटवी मावशी गाताहेत, मागे शंभर वाद्यं. मग केसांच्या तेलाची जाहिरात. खूप खाली तुमच्या बँडची एक ओळ आहे आणि तिच्यासमोर लिहिलंय, 'याच नावाच्या चित्रपटासाठी इथे पाहा.' सिनेमाच्या गाण्याखाली लिहिलंय, 'शब्द आणि चाल: पारंपरिक.'

मला माहीत आहे, हे विचारणं बरोबर नाही. पण दुकान बंद केल्यावरही डोक्यात तेच येत राहिलं. मावशी, हे खरंच आईनं लिहिलं होतं ना? की तुम्ही मला लहानपणी समजूत घालायला सांगितलं होतंत?

तुझी
बाळ


५ एप्रिल

टिटवे,

गाणं सिनेमात नाही असं तू लिहिलं होतंस. पत्र माझ्यासमोर आहे, तुझंच अक्षर आहे, म्हणून पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

भाच्याच्या हाताखालच्या कुणाची तरी गडबड असणार, असं मी काल दिवसभर स्वतःला सांगत होते. ऑफिसातल्या कुणा मुलीनं जुनं गाणं पाहिलं, चकतीवर नाव नाही म्हणून पारंपरिक लिहून मोकळी झाली, तुला दाखवलंही नाही. असंच झालं असणार. तसंच झालं असं लिही, मी विश्वास ठेवीन.

पण सुई पारंपरिक कधी झाली, हे मला कळायला हवं. पारंपरिक म्हणजे जे कुणी केलं ते आठवायला कुणी उरलं नाही. आपण दोघी उरलो आहोत ना? मी आहे. माझी नाडी चालू आहे, काल डॉक्टरांनी पाहिली.

तिच्या लेकीनं मला विचारलंय, गाणं खरंच आईचं होतं का. टिटवे, तिला ही शंका आली, याला मी काय म्हणू? तू आजच्या आज मुलाला सांग. नाव बदलायला फक्त एक ओळ लागते.

ढब्बू


२० एप्रिल

ढब्बे,

तू तापातून उठली आहेस, म्हणून तुझ्या पत्राचा सूर मी मनावर घेत नाही.

हो, गाणं घातलं. आधी नव्हतं, मग संगीतवाल्यानं ऐकलं आणि हट्ट धरला. पारंपरिक लिहिणं ही तिकडची पद्धत आहे. ज्याच्यावर नाव नाही, ते पारंपरिक. नाव नको असं कोण म्हणालं होतं? तूच लिहिलंस ना जानेवारीत, सुईच म्हणाली होती. मग आता तिच्या मर्जीविरुद्ध मी कशाला जाऊ? लेकीचं गाणं कुणी माणसानं काढलं नाही, ती यंत्रं असतात, आपोआप काढतात. तिला सांग, सिनेमा उतरला की पुन्हा ठेव.

तुझ्या भाच्यानं या एका सिनेमासाठी अर्धं आयुष्य घासलंय. त्याच्या केसांत पांढरं आलंय, तू बघितलंस कधी? नावं छापून तयार आहेत. आता एकीचं नाव घातलं की तिची लेक येणार, तिचा वकील येणार, आणि सगळं थांबणार. तू त्याची आत्या आहेस, हे विसरू नकोस. तुझ्या भावाचा मुलगा आहे तो.

आणि ते तिसरं कडवं लगेच पाठव. शेवटच्या प्रसंगात त्याची गरज आहे, रेकॉर्डिंग अडून राहिलंय. आता खरं सांगितलं, झालं?

जाता जाता: लेकाला ऑफिसासाठी जागा हवी आहे, आणि वरच्या मजल्यावर त्याचा डोळा आहे. मी त्याला अजून काही बोलले नाही. घर माझ्या नावावर असलं तरी मी तुला कधी परकं मानलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

टिटवी


१८ जून

प्रिय बाळ,

एप्रिलपासून तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते आहे, पण पुरं होत नव्हतं. एकदा फोनवर नुसतं हो म्हटलं होतं, आणि तूही बरं म्हणालीस. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं. मी आयुष्यभर मुलींचे सूर ऐकत आले आहे.

मी त्यांना कडवं पाठवलं नाही. तुझ्या टिटवी मावशीचे दोन निरोप आले, शिंप्याबरोबर एक चिठ्ठी आली. मी नाही पाठवलं.

काल मी सिनेमा पाहायला गेले. भाच्यानं आमंत्रण पाठवलं होतं, त्यावर 'लाडक्या आत्याला' लिहिलेलं. सिनेमा वाईट नाही, हे मला तुला सांगायला हवं. पायऱ्या दाखवल्या आहेत, एकीखाली एक मुली बसल्या आहेत. हे त्याला मीच सांगितलं होतं, तो लहान असताना, झोपवताना. शेवटी गाणं येतं. दोन कडवी तुझ्या आईची. आणि तिसरं म्हणून हे:

ओल्या वेण्या सुकल्या गं बाई,
फुलं माळली दाट;
सखी सखीचा हात न सोडी,
सरली सारी वाट.

लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती, मला तिनं रुमालही देऊ केला. मग नावं आली. 'गीत: पारंपरिक. तिसरं कडवं:' आणि त्यापुढे तुझ्या मावशीचं नाव. पूर्ण नाव, माहेरच्यासकट.

नंतर सगळी मंडळी मंचावर बसली आणि प्रेक्षकांना बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. माझ्या हातात माइक दिला. मी म्हणाले, "हे गाणं पारंपरिक नाही. माझ्या मैत्रिणीनं ते माझ्या डोळ्यांसमोर केलं. तिला मुलगी आहे, ती चष्मे करते, आणि याच गावात राहते." पुढेही बोलणार होते. पण भाचा मंचावरून उठून खाली आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाला, "ही माझी आत्या. ह्या गाण्यावर इतकं प्रेम आहे तिचं की ते तिला घरचंच वाटतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळ, ते माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. काही जण उभे राहिले. एका मुलीनं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. तुझी मावशी मंचावर बसून होती आणि तिनंही टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे न बघता.

मी रिक्षा करून घरी आले.

यानं काही बदलणार नाही, हे आता मला कळतं. मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे, वकिलाकडे यायला तयार आहे. तू म्हणशील तेव्हा. पण चकती कोरी आहे, आणि माझ्या बोलण्याला लोक टाळ्या वाजवतात.

म्हणून आता तुझं देणं तुला देते. वाढदिवसाला द्यायचं होतं. हे तिसरं कडवं आहे, खरं:

सर्वांवरची पायरी तिची,
पाठीमागे कोण?
तिची न घाली वेणी कोणी,
घाली इतरां दोन.

पायऱ्यांवर सगळ्यांत वर तुझी आई बसायची. तिच्या मागे भिंत होती. आम्ही सगळ्या वेण्या घालून घ्यायचो आणि घंटा झाली की पळायचो. ती आपली आपण घालायची, मागून कशीबशी, म्हणून तिचा भांग नेहमी वाकडा असायचा आणि ती रोज बोलणी खायची. सिस्टरांना वाटायचं आळशी आहे. आम्हालाही तेच वाटायचं. वर्षाच्या शेवटी तिनं हे कडवं म्हटलं, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तुझी मावशी तेव्हा हसली होती. मी हसले नाही, पण पुढच्या सोमवारी वर जाऊन बसलेही नाही.

आता तू विचार, हे गाणं आईचं होतं का. असं कडवं परंपरा करत नाही. ते करायला सगळ्यांत वर बसलेली एखादी मुलगी लागते.

तुझी
मावशी


२ जुलै

वन्सं,

तुम्ही भर सभेत माझ्या मुलाची शोभा करायला निघाला होतात. त्यानं ते निभावून नेलं, कारण तो त्याच्या बापावर गेला आहे.

आता तुम्हाला हवंच आहे तर ऐका. ऑफिसातल्या मुलीनं काही केलं नाही. मुलानं मला विचारलं होतं, आई, हे गाणं कुणाचं? मी म्हणाले, कुणाचंच नाही, जुनं आहे. मी म्हणाले.

तुम्ही खोलीत बसून मुलींना सारेगम शिकवलंत. मी गावोगाव गायले. माझी स्वतःची गाणी केली, किती केली तुम्हाला माहीतही नाही. आणि प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक कार्यक्रमात, शेवटी कुणीतरी ओरडायचं, ओल्या वेण्या. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला भेटायला आलेल्या बाईनंसुद्धा विचारलं, ते वेण्यांचं गाणं तुम्हीच ना? हसून हो म्हणायचं. आयुष्यभर एका मेलेल्या मुलीचं गाणं गायले मी, तिनं दिलेल्या नावाच्या बँडमधली, तिच्या गाण्याची बाई. मला ते माझं करायचं नव्हतं. तेवढी मी नीच नाही. मला ते तिचं राहायला नको होतं. निदान कुणाचंच नसू दे.

आणि तिसरं कडवं तुम्ही दिलं नाहीत, म्हणून मी केलं. लोकांना तेच आवडतंय. माझी एवढी गाणी गेली, हे चार ओळींचं राहील. हसा आता.

लेकाला वरचा मजला पुढच्या महिन्यात हवा आहे. तुमची सोय बघून घ्या. काय कुठे द्यायचं, सामान कुणाचं, ते लिहून ठेवा, म्हणजे नंतर बोलणी नकोत.


१४ जुलै

वहिनी,

तुम्ही लिहिलंत तसं लिहून देते आहे. तुम्हाला तुम्ही लिहायची सवय नाही, हात अडखळतो, पण सुरुवात तुम्ही केलीत.

शाळेच्या मागे निवृत्त शिक्षिकांसाठी खोल्या आहेत, मी शाळेच्या मुलींना पियानो शिकवला म्हणून त्यातली एक मिळाली. खिडकीतून त्या मागच्या पायऱ्या दिसतात. आता तिथे दुचाक्या ठेवतात. मी महिनाअखेरीच्या आत निघेन. बादली छताखालीच राहू दे, भाच्याला लागेल.

पियानो शाळेच्या सभागृहाला द्यायचा आहे. ते लोक हातगाडी घेऊन येतील, जिन्याच्या वळणावर त्यांना घाई करू देऊ नका, तिथे दादानं एकदा बोट चेमटून घेतलं होतं. सुरांची पुस्तकं माझ्या दोघी विद्यार्थिनी नेतील. त्यांच्यात भांडण होईल, होऊ द्या.

ठोके मोजायचं लाकडी यंत्र भाच्याचं. तो लहान असताना त्याची टकटक चालू ठेवल्याशिवाय झोपायचा नाही. त्याला सांगा, आत्यानं रागानं दिलं नाही. माझ्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, तो जड नव्हता, हेही सांगा. दादाचा कोटही त्याचाच. बाही आखूड होईल, खाली शिंपी आहेच.

तबकडी सुईच्या लेकीची. माझ्याकडची चांगली आहे, तिची चरे पडलेली आहे. चकतीवरच्या दोन सारख्या नावांच्या मध्ये कोरी जागा आहे, तिथे मी शाईनं सुईचं नाव लिहिलंय. अक्षर थोडं वाकडं आलं. कोर्टात चालणार नाही, माहीत आहे.

तिघींच्या बँडचा फोटो मी कापून वाटणार नाही. तोही लेकीकडे जाईल. तुम्हाला बघावासा वाटला तर तिचं दुकान सकाळी उघडतं. ती कुणाला हाकलून देणार नाही, तिच्या आईवर गेली आहे. चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्या, तुमचं अक्षर मोठं व्हायला लागलंय.

तिसरं कडवं लेकीला मिळालं. ती ते इंटरनेटवर ठेवणार नाही, कुणाला ऐकवणारही नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, तिथे ते एका दिवसात सिनेमाचं होईल. परवा मी गेले तेव्हा दुकान रिकामं होतं. तिनं मला स्टुलावर बसवलं, माझ्या मागे उभी राहिली आणि माझे हे चार पांढरे केस घेऊन वेणी घातली. फार घट्ट. नंतर मी उठले आणि तिला स्टुलावर बसवलं.

तुमच्यासाठी सामानात काही शोधत होते. कपाटं पाहिली, पेट्या पाहिल्या. तुम्हाला नाव राहू द्या. गाण्याचं, बँडचं, सिनेमाचं, तिन्ही ठिकाणचं ते एकच आहे, वाटणी करायला नको. त्याच्या आत जे होतं ते ज्याचं त्याला पोचलं आहे.

किल्ल्या शिंप्याकडे ठेवल्या आहेत.

ढब्बू